ठिगळ लावलेला तारा

आजचं वाचन : निर्गम २०:२२-२६, मलाखी १:६-१४, मार्क १२:४१-४४



आजचं मनन नेहमीपेक्षा थोडं लांब होणार आहे, कारण त्यात एक कबुलीही आहे.

मागच्या शनिवारी आमच्या घरी नाताळचा तारा झाला. ‘झाला’ असं म्हणतोय, ‘केला’ असं म्हणत नाही, कारण तो नक्की कोणी केला इथूनच सगळी गडबड सुरू होते.

दरवर्षी आम्ही तारा विकतच आणतो. घडी उघडली, आत बल्ब सोडला, बाल्कनीत टांगला, दोन मिनिटांत काम संपतं. यंदा मुलगी म्हणाली, “आपण घरी करू या.” ती तिसरीत आहे. धाकटा बालवाडीत. मी हो म्हटलं आणि बुरूड आळीतून बांबूच्या कामट्या घेऊन आलो, दहा लांब आणि पाच आखूड.

ज्यांनी असा तारा कधी बांधला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाच लांब कामट्या एकमेकींवर तिरक्या ठेवून टोकं दोऱ्यानं बांधली की एक चांदणी तयार होते. अशा दोन चांदण्या करायच्या, एकीवर एक ठेवून त्यांची पाचही टोकं बांधायची. मग आतल्या बाजूला, जिथे कामट्या एकमेकींना ओलांडतात तिथे, दोन चांदण्यांच्या मध्ये पाच आखूड काड्या उभ्या अडकवायच्या. तोपर्यंत सपाट असलेला सांगाडा एकदम पोट फुगवून उभा राहतो. हा क्षण मुलांना जादूसारखा वाटतो. खरं सांगायचं तर मलाही.

मी आधी कागदावर आकृती काढली होती. प्रत्येक टोकाचा कोन ३६ अंश, सगळ्या कामट्या सारख्या मापाच्या. पण बांबूला माझी आकृती माहीत नव्हती. एका कामटीला नेमकं मध्येच पेर आलं होतं, ती वाकेना. मुलीनं गाठी स्वतः मारल्या, त्या सैल राहिल्या. एक टोक बाकीच्यांपेक्षा चांगलं दोन बोटं लांब झालं. धाकट्याकडे मैद्याची खळ लावायचं काम होतं. त्यानं ती ब्रशनं न लावता दोन्ही तळहातांनी लावली. ओल्या पिवळ्या पतंगी कागदात त्याचं बोट आरपार गेलं आणि तो रडायला लागला. तेव्हा ताईनं लाल कागदाचा एक तुकडा कापला, तिच्या मते हृदयाच्या आकाराचा, आम्हाला तो कैरीसारखा दिसला, आणि भोकावर चिकटवून म्हणाली, “आता हे तुझं ठिगळ आणि माझं पण.” रडणं थांबलं. दोघं जेवून झोपली.

मी झोपलो नाही.

व्यवसायानं मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायचे मला पैसे मिळतात. रात्री साडेदहाला मी टेबलावरच्या त्या ताऱ्याकडे बघत होतो आणि मला तारा दिसतच नव्हता. दिसत होतं ते फक्त लांब टोक, सुरकुतलेला कागद आणि ती लाल कैरी. त्यात पुढच्या शनिवारी मंडळीची कॅरोल पार्टी आमच्याकडे येणार होती. तीस-पस्तीस माणसं दारात उभी राहून गाणार, त्यांच्या डोक्यावर हे लटकणार.

मनात आलं, फक्त ते एक टोक सरळ करू.

पण अशा सांगाड्यात एक टोक ओढलं की समोरचं सुटतं. गाठी सोडाव्या लागल्या. गाठींसाठी कागद काढावा लागला. रात्री दीड वाजता माझ्या हातात एक अगदी सरळ, रेखीव, पाचही टोकं सारखी असलेला तारा होता. जुना कागद ओला होऊन डस्टबिनमध्ये गेला होता, ठिगळासकट.

सकाळी धाकट्यानं आधी पाहिलं. डोळे मोठे करून त्यानं विचारलं, “पप्पा, रात्री देवदूत आले होते?”

भावांनो आणि बहिणींनो, मी ‘हो’ म्हणणार होतो. शब्द ओठांवर आला होता. ख्रिस्तजन्माच्या सणाची तयारी करताना स्वतःची लबाडी देवदूतांच्या नावावर घालायची माझी तयारी झाली होती. मला थांबवलं ते मुलीच्या नजरेनं. ती टोकांकडे बघत नव्हती. ठिगळाच्या जागेकडे बघत होती.

“मी जरा नीट केला, बाळा,” मी म्हणालो.

ती “बरं” म्हणाली. पत्नीनं मला एवढंच विचारलं, “तिला विचारलं होतंस?”

त्या संध्याकाळी मी रंगीत कागदाच्या साखळ्या करायला मुलांना बोलावलं. मुलगी आली नाही. खोलीतूनच म्हणाली, “पप्पा, तूच कर. तुला नीट जमतं.” रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज अगदी साधा होता. एक माहिती समजली होती आणि ती तिनं स्वीकारली होती.

तेव्हापासून मी एका प्रश्नाशी झगडतोय. तो तुमच्यापुढे ठेवतो.

‘मुलांचं आहे, वेडंवाकडं चालतं, देव मन बघतो’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मला ते पटत नाही. औषधाची मात्रा मोजणाऱ्या यंत्रात चुकीचा कोड गेला तर तिथे देव मन बघतो म्हणून रुग्ण वाचत नाही. नीट काम करणं हीसुद्धा शेजाऱ्यावरची प्रीती आहे. आणि पवित्र शास्त्रही या बाबतीत सैल नाही. मलाखीच्या पहिल्या अध्यायात याजक आंधळी, लंगडी, आजारी जनावरं वेदीवर आणतात, आणि देव त्यांना सुनावतो की हेच तुमच्या सुभेदाराला देऊन बघा, तो खूश होईल का? म्हणजे देवाला काहीही चालतं, हे खरं नाही.

मग आजचा दुसरा उतारा बघा. निर्गमच्या विसाव्या अध्यायात, दहा आज्ञा देऊन झाल्याबरोबर, देव वेदीबद्दल सांगतो. दगडांची बांधणार असाल तर दगड जसे मिळतील तसेच रचा. त्यांच्यावर छिन्नी चालवलीत की वेदी विटाळली. गंमत म्हणजे याच पुस्तकात पाच अध्याय पुढे कोशाची मापं आहेत, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, बाभळीचं लाकूड, वर शुद्ध सोनं. तिथे एका बोटाचाही फरक चालत नाही. ज्या देवाला कोश मापात हवा, त्यालाच वेदी ओबडधोबड हवी.

इंजिनिअर म्हणून मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ही विसंगती वाटली होती. आता वाटतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हत्यार वाईट नाही. कोश करणाऱ्या बसालेलाला कारागिरीची बुद्धी देवाच्या आत्म्यानंच दिली, असं निर्गम ३१ सांगतं. पण वेदी ही माणूस आपलं काहीतरी घेऊन देवापुढे येतो ती जागा आहे. तिथे दगड तासायला लागलो की थोड्या वेळानं लोक दगडांकडे बघायला लागतात आणि तासणाऱ्याचं नाव विचारतात. हे माझं मनन आहे, टीकाकारांचं मत म्हणून घेऊ नका. पण त्या रात्री माझ्या टेबलावर नेमकं हेच घडलं होतं. दोन मुलांची वेदी होती आणि मी तिच्यावर छिन्नी चालवली होती.

आता मलाखीकडे परत जाऊ, कारण तिथला मुद्दा मी बरीच वर्षं चुकीचा वाचत होतो. चौदाव्या वचनात देव ज्याला ठक म्हणतो तो कोण? ज्याच्या कळपात चांगला नर आहे, ज्यानं तो द्यायचा नवसही केला आहे, आणि वेदीवर आणताना जो सदोष जनावर आणतो तो. म्हणजे गुन्हा जनावराच्या लंगडेपणात नाही. चांगलं घरी राखून ठेवण्यात आहे. याच्या उलट मार्कच्या बाराव्या अध्यायातली विधवा. तिची दोन नाणी मंदिराच्या हिशोबात कुठे दिसलीही नसती. येशूनं शिष्यांना मुद्दाम बोलावून दाखवली, कारण तिनं मागे काही ठेवलं नव्हतं.

मग मी दोन्ही तारे या कसोटीवर लावून बघितले.

मुलांच्या ताऱ्यात काय राखून ठेवलं होतं? काही नाही. आठ वर्षांच्या बोटांना जेवढ्या घट्ट गाठी जमतात तेवढ्या घट्ट गाठी होत्या. चार वर्षांच्या तळहातांनी जेवढी खळ लावता येते त्यापेक्षा जास्तच होती. शिवाय एका बहिणीनं भावाचं रडू थांबवायला कापलेलं ठिगळ होतं.

आणि माझ्या सरळ ताऱ्यात काय होतं? लोक काय म्हणतील ही भीती होती. झोप सोडून केलेले तीन तास होते, पण ते मी देवाला दिले नव्हते, मुलांनाही नाही. ते मी स्वतःच्या नावाला दिले होते. मोजपट्टीनं बघितलं तर निर्दोष असलेला तो तारा मलाखीच्या मापानं लंगडा होता.

कोणी म्हणेल, मत्तय ५:४८ मध्ये प्रभूनं आपल्याला पूर्ण व्हायला सांगितलं आहे त्याचं काय? मीही हे वचन ऑफिसात आणि घरात ढालीसारखं वापरलं आहे. पण ते कुठे येतं ते बघा. त्याच्या आधी शत्रूवर प्रीती करण्याविषयी, चांगल्या-वाईट सगळ्यांवर सूर्य उगवणाऱ्या पित्याविषयी बोलणं चाललं आहे. तिथे मूळ ग्रीक शब्द ‘तेलेइओस’ आहे. जे आपल्या हेतूला पोचलं, पिकलं, प्रौढ झालं, ते तेलेइओस. टोकं सारखी असण्याशी त्याचा संबंध नाही. प्रीती कोणालाही न वगळण्याइतकी पूर्ण असावी, हा त्याचा रोख आहे. त्या रात्री मी टोकं सारखी केली आणि दोघांना वगळलं.

आणखी एक गोष्ट नाताळच्या संदर्भात मनात येते. मार्क ६:३ मध्ये गावचे लोक येशूला सुतार म्हणतात, आणि लूक २:५२ सांगतं की तो ज्ञानानं वाढत गेला. वाढत गेला, म्हणजे शिकला. योसेफाच्या हाताखाली त्यानं पहिल्यांदा दोन फळ्या जोडल्या असतील तेव्हा सांधा पहिल्याच फटक्यात बसला असेल का? शास्त्र सांगत नाही, म्हणून मीही ठामपणे सांगत नाही. पण तो निष्पाप होता म्हणजे त्याच्या हातून कधी खिळा वाकडा गेला नसेल, असं मानायची मला गरज वाटत नाही. न जमणं हे पाप नाही. ते लहान असणं आहे. आणि देवानं तर लहान होणंच पसंत केलं. इतिहासातली पहिली नाताळची सजावट म्हणजे जनावरांना चारा घालायची गव्हाण, तीही जागा मिळाली नाही म्हणून. आमच्या भाषेत सांगायचं तर मूळ योजना नव्हे, वर्कअराउंड. सन १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्यो गावी संत फ्रान्सिसनं ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला तेव्हा त्यानं खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणलं. त्यालाही तोच साधेपणा लोकांना दाखवायचा होता. आपण मात्र आज गव्हाणीत गवतसुद्धा कात्रीनं सारखं कापून घालतो.

याचा अर्थ मुलांना मोजायला शिकवू नये असा नाही. जर्मनीतल्या नीस्की गावच्या मोरावियन शाळेत एकोणिसाव्या शतकात मुलांना भूमिती समजावी म्हणून कागदाचे अनेक टोकांचे तारे करायला लावत. तोच तारा आज हर्नहुटचा तारा म्हणून ओळखला जातो आणि जगभर नाताळात लागतो. म्हणजे मोजमाप आणि भक्ती यांचं भांडण नाही. फरक एवढाच, की तिथे पट्टी मुलांच्या हातात दिली होती. मी ती मुलं झोपल्यावर हातात घेतली. मुलीबरोबर बसून, “हे टोक लांब झालंय, बघू या का?” असं विचारलं असतं तर ते शिकवणं झालं असतं. तिच्या मागे केलं म्हणून ती चोरी झाली.

रविवारी रात्री नगरला आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग म्हणाली, “अरे, तू केलेल्या गव्हाणीत बाळ येशूपेक्षा कोंबडी मोठी होती. तू नोकरीला लागेपर्यंत आम्ही तीच मांडत होतो.” मला ती मातीची कोंबडी आठवत होती, पण ती मोठी होती हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. ते कोणी सांगितलं नाही, यात माझ्या आईवडिलांचं किती मोठं काम होतं हे मला आता, छत्तिसाव्या वर्षी, कळलं.

सोमवारी मी मुलीची माफी मागितली. “सॉरी, पण तुमचा जरा...” असं नाही, सरळ माफी. धाकट्यालाही सांगितलं की देवदूत नव्हते, पप्पा होता. तो थोडा हिरमुसला. तिनं विचारलं, “मग आमचा परत मिळेल?” कोडमध्ये आम्ही मागची आवृत्ती जपून ठेवतो, एक आज्ञा दिली की जुनं सगळं परत येतं. डस्टबिनमधल्या ओल्या कागदाची मागची आवृत्ती नसते. मी म्हणालो, “नाही मिळणार.” क्षमा मिळते, पण काही गोष्टी परत मिळत नाहीत. हेही मुलांना खरं खरं सांगावं लागतं.

बुधवारी ती आपणहून गव्हाणीसाठी कापसाची मेंढरं करायला बसली. मी शेजारी बसलो, दोन्ही हात मांडीखाली घालून. एका मेंढराला तीन पाय झाले, ते पडायला लागलं. तिनं त्याला भिंतीला टेकवून ठेवलं. पण एक गोष्ट बदलली आहे आणि ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. पूर्वी ती काही करताना कधी वर बघायची नाही. आता प्रत्येक मेंढरानंतर माझ्याकडे बघते आणि विचारते, “पप्पा, हे चालेल?”

एका रात्रीत मी तिला हा प्रश्न शिकवला. तो विसरायला तिला किती दिवस लागतील, माहीत नाही. सध्या मी एवढंच म्हणतो, “तुला कसं वाटतंय?” ती मेंढराकडे जरा वेळ बघते. बुधवारी म्हणाली, “याला झोप आलीय.” आणि तीन पायांचं मेंढरू तिनं गव्हाणीच्या सगळ्यात जवळ ठेवलं.

शनिवारी कॅरोल पार्टी येईल. तारा तोच, माझा, सरळ टांगलेला आहे. मुलीला विचारलं, ती म्हणाली राहू दे. कोणी “छान झालाय, कोणी केला?” असं विचारलं तर काय उत्तर द्यायचं ते मी ठरवलं आहे. आणि मग त्यांना आत बोलावून मेंढरं दाखवणार आहे.

प्रियजनहो, या आठवड्यात तुमच्या घरी मुलं काही चिकटवत, कापत, सांडत असतील. हात शिवशिवतील. तेव्हा स्वतःला दोनच प्रश्न विचारू या. यांनी काही राखून ठेवलंय का? आणि मी हे नीट करतोय ते नक्की कोणासाठी?

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तू आमच्या वेड्यावाकड्या अर्पणांवर छिन्नी चालवत नाहीस, म्हणून तुझे आभार. जे चांगलं आम्ही राखून ठेवतो ते आमच्याकडून माग. आणि जे लहान हातांनी पूर्ण मनानं केलेलं आहे, त्याला आमच्या भीतीपासून वाचव. आमच्या मुलांना तुझ्याकडे बघून काम करू दे, आमच्याकडे घाबरून बघत नको. प्रभू येशूच्या नावानं मागतो. आमेन.